कात्रणं मोजून पक्षपात सापडत नाही

डिसेंबर २०२४. विधानसभेचा निकाल लागून तीन आठवडे झाले होते. आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात 'वर्तमानपत्रं आणि निवडणूक' या विषयावर चर्चा ठेवली होती. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या अंगाचं. अशा कार्यक्रमाला एरवी पंधरा-वीस माणसं जमतात. त्या दिवशी बसायला जागा नव्हती. एका गटानं सत्ताधारी उमेदवाराच्या बातम्यांची कात्रणं आणली होती, दुसऱ्यानं विरोधी उमेदवाराच्या. "पेपर सरकारच्या दावणीला बांधलेत," हे एकांचं. "पेपरवाले पहिल्यापासून विरोधकांचे," हे दुसऱ्यांचं. आवाज चढायला लागले तेव्हा एका निवृत्त गुरुजींनी फूटपट्टी मागवली. टेबलावर कात्रणं पसरून त्यांनी दोन्हीकडचे कॉलम सेंटीमीटर मोजले, वहीच्या पानावर बेरीज मांडली. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. "म्हणजे पेपर निःपक्षपाती आहेत," गुरुजी म्हणाले. टाळ्या पडल्या, चहा आला, मंडळी पांगली.

पक्षपाताचा सगळ्यात मोठा पुरावा त्या टेबलावरच पडला होता. मतदारसंघात डझनभर उमेदवार रिंगणात होते आणि कात्रणं फक्त दोघांची होती. उरलेल्यांची कुणी आणली नव्हती, कारण आणण्यासारखं काही छापूनच आलं नव्हतं. आणि ही गोष्ट दोन्ही गटांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्तमानपत्रानं निवडणुकीत बाजू घेतली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण जागा विकली आणि ती विकलेली जागा बातमी म्हणून वाचकाच्या हातात दिली, तर वाचक फसतो. आणि ज्याच्यापाशी जागा विकत घ्यायला पैसे नाहीत, तो उमेदवार वाचकापुरता जन्मालाच येत नाही. ग्रामीण विदर्भातला पक्षपात विचारांचा कमी आणि दरपत्रकाचा जास्त आहे. 'कोणता पेपर कोणाचा' हा वाद आपण दिल्ली-मुंबईच्या चॅनेलांवरून उचलून तालुक्यात आणला आणि त्या भांडणात डोळ्यांसमोरचा प्रकार दिसेनासा झाला. हे मी दुरून बोलत नाही. अकरा वर्षं मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो.

पहिला आक्षेप येतो तो असा, की वर्तमानपत्रं कधी तटस्थ होती? खरं आहे, नव्हती. टिळकांचा 'केसरी' तटस्थ नव्हता. आगरकरांचं टिळकांशी पटेना तेव्हा त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. तोही तटस्थ नव्हता. बापूजी अण्यांनी १९१८ मध्ये यवतमाळातून साप्ताहिक सुरू केलं, ते टिळकांच्या राजकारणाचं आहे हे जिल्ह्यातल्या प्रत्येक वाचकाला माहीत होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो तर बाजू घेण्यासाठीच. ज्यांची बाजू कुणी घेत नव्हतं त्यांची. या सगळ्यांना पक्षपाती म्हणायचं तर खुशाल म्हणा. मी त्यांना प्रामाणिक म्हणतो. वाचक पहिल्या ओळीपासून जाणून होता की कोण बोलतंय आणि कशासाठी बोलतंय.

याच इतिहासात एक प्रसंग आहे. 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही. तेव्हा पैसे देऊन जागा मिळत नव्हती, आज पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. दोन्ही वेळी दाराबाहेर राहिलेला माणूस बघा, तो एकच आहे. पुढे जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेब म्हणाले होते की भारतातली पत्रकारिता एकेकाळी व्यवसाय होती, आता ती व्यापार झाली आहे, साबण तयार करण्याइतकंच नैतिक कर्तव्य तिच्यात उरलं आहे. हाच नेता १९५४ मध्ये आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढला आणि हरला. पत्रकारितेबद्दलचे त्यांचे ते शब्द मात्र तालुक्याच्या कचेरीत बसून मी रोज खरे होताना पाहिले.

ते कसे खरे होतात? तालुका वार्ताहराला पगार नसतो. ओळखपत्र असतं, गाडीवर 'प्रेस' लिहायची मुभा असते, बातमीमागे किरकोळ मानधन मिळालं तर मिळालं. पोट चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, आमदारांचा वाढदिवस, पेपरचा वर्धापनदिन, प्रत्येक पुरवणीचं टार्गेट ठरलेलं. ज्या सरपंचाच्या घरकुल यादीबद्दल सोमवारी बातमी लिहायची, त्याच सरपंचाकडे शुक्रवारी शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. मग सोमवारची बातमी कोण लिहील? निवडणूक म्हणजे या सगळ्या पुरवण्यांची एकत्र दिवाळी. पॅकेज ठरतं: अर्ज भरण्याच्या दिवशी अर्धं पान, मग रोज एक दौरा, दोन मुलाखती, शेवटच्या दिवशी पूर्ण पान. मजकूर उमेदवाराच्या कार्यालयातून तयार होऊन मोबाईलवर येतो. "पदयात्रेला उत्स्फूर्त प्रतिसाद", "वाढता पाठिंबा", "ठिकठिकाणी औक्षण". दोन पेपरांत तोच मजकूर, त्याच चुकीच्या वेलांटीसकट, मी एकाच सकाळी वाचला आहे. ही आमच्या तालुक्याचीच रडकथा आहे असंही नाही. २००९ च्या विधानसभेच्या वेळी तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या मराठी दैनिकांत शब्दन् शब्द सारखा कसा छापून आला, हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं. त्या निवडणुकीत वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरचा खर्च चव्हाणांनी दाखवला होता ५,३७९ रुपये.

आता मला माझी एक गोष्ट सांगू द्या. ऑक्टोबर २०१९, विधानसभेचं मतदान २१ तारखेला होतं. सोयाबीन सोंगणीचे दिवस. दुपारच्या उन्हात एक बाई माझ्या दारात आल्या, पदराला, केसांना थ्रेशरचा भुसा चिकटलेला. अपक्ष उभ्या होत्या. नवऱ्यानं आत्महत्या केली त्याला चार वर्षं झाली होती, सातबारा अजून त्याच्याच नावावर. फेरफार झाला नाही म्हणून पीककर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सावकार. त्यांची मागणी एकच होती: शेतकरी मेला की तीन महिन्यांच्या आत त्याच्या बायकोच्या नावाचा फेरफार व्हावा, आणि तो तलाठ्यानं घरी येऊन करावा. "भाऊ, मी काई निवडून येत नाई, मले ठाव हाय," त्या म्हणाल्या. "पन पेपरात हे आलं त मोठ्या दोघाईले कोनी तरी इचारन, का तुमी काय करसान म्हून." माझ्या हातात त्यांनी गुलाबी कागदावर छापलेलं एक पत्रक दिलं.

मी बारा ओळींची बातमी पाठवली. रात्री कार्यालयातून फोन आला. "त्यांचं काही आहे का?" जाहिरातीबद्दलचा प्रश्न असाच विचारतात. मी नाही म्हणालो. बातमी लागली नाही. २७ तारखेला दिवाळी होती, दिवाळी पुरवणीचं माझं टार्गेट निम्म्यावर अडकलं होतं, म्हणून मी पुन्हा फोन करून विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी "रिंगणातील अन्य उमेदवार" या यादीत त्यांचं नाव आलं, तेही चुकीचं. आमदारकीचा अर्ज भरताना त्यांनी किती दिवसांची मजुरी अनामत म्हणून मोजली असेल, याचा हिशेब मी त्या रात्री केला होता. ती रक्कम गेली, ते अपेक्षितच होतं. पण विधवेच्या फेरफाराचा तो प्रश्न पूर्ण निवडणुकीत एकाही मोठ्या उमेदवाराला कुणी विचारला नाही, आणि त्यात माझा हात आहे.

यावर संपादकीय टेबलावरची माणसं एक जोरदार मुद्दा मांडतात, आणि तो मला नीट तोलायचा आहे. २०२४ च्या विधानसभेला राज्यात २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते. सगळ्यांना सारखी जागा कशी देणार? ज्याच्या मागे लोक आहेत त्याला जास्त जागा, हा बातमीचा साधा न्याय आहे. मान्य. समान जागा मीही मागत नाही. पण लोक मागे आहेत हे ठरवलं कुणी? जागा आधी विकली जाते, त्या जागेत 'जनसागर' उसळतो, आणि मग तोच जनसागर जागा देण्याचं कारण म्हणून दाखवला जातो. शेजारच्या तेलंगणात, निजामाबादमध्ये २०१९ च्या लोकसभेला शेतकऱ्यांनी काय केलं ते आठवा. हळदीला आणि ज्वारीला भाव मिळावा म्हणून एक-दोघांनी नव्हे, तब्बल १७८ शेतकऱ्यांनी अर्ज कायम ठेवले. एकूण उमेदवार १८५ झाले, आयोगाला मतदान यंत्रांची वेगळी व्यवस्था करावी लागली, आणि मग देशभरच्या पेपरांना हळदीचा भाव दिसला. एका शेतकऱ्याची उमेदवारी बातमी होत नाही, म्हणून १७८ जणांना उभं राहावं लागलं. बातमीचा साधा न्याय म्हणतात तो हाच का?

शिवाय मोठ्या उमेदवारांबद्दल तरी काय छापलं जातं? २०२४ च्या प्रचारात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्या बाजार समितीत सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. पेपराच्या आतल्या पानावर बाजारभावाचा रकाना रोज छापून येत होता आणि तो रकाना खरा होता. पहिल्या पानावर उमेदवाराचं औक्षण होतं. एका आघाडीनं ६,००० देऊ म्हटलं, दुसरीनं ७,०००. आतल्या पानावरचा भाव घेऊन पहिल्या पानावरच्या माणसाला एवढंच विचारायचं होतं, की ओलाव्याचं कारण सांगून खरेदी केंद्रावरून माल परत पाठवतात, तेव्हा तुमचे ६,००० किंवा ७,००० कोण मोजणार? दोन पानांच्या मधलं हे अंतर कुणीच ओलांडलं नाही. ज्यानं पान विकत घेतलंय त्याला त्याच पानावर अडचणीचा प्रश्न विचारता येत नाही. म्हणून मी म्हणतो की गुरुजींच्या फूटपट्टीनं पक्षपात मोजता येत नाही. दोन्ही उमेदवारांना सारखी जागा मिळाली होती, आणि दोघांनाही सारखंच मोकळं सोडलं होतं.

पैशाचा मुद्दा खोटा नाही, उलट तोच सगळ्यात जड आहे. पाच-सहा रुपयांत घरपोच येणारा पेपर त्या किमतीत छापूनही होत नाही. कागद महाग, नागपूर-अमरावतीहून पहाटे तालुक्याला येणाऱ्या पार्सलच्या गाडीचं भाडं वेगळं. करोनात कितीतरी छोट्या पेपरांनी मान टाकली ती अजून वर केलेली नाही. वाचक पूर्ण किंमत द्यायला तयार नाही, मीही नव्हतो. तेव्हा उमेदवाराची जाहिरात घेऊच नका, असं सांगण्याचा मला अधिकार नाही. घ्या. पूर्ण पान घ्या, दर वाढवून घ्या. फक्त ती जाहिरात आहे असं लिहा. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत नको, मथळ्याच्या वर, मथळ्याएवढ्याच ठळक अक्षरांत लिहा. तसं लिहिलं तर गिऱ्हाईक येणार नाही, असं तुमचं उत्तर असेल, तर तुम्ही आजवर जागा विकत नव्हता, वाचकाचा विश्वास विकत होता. आणि विश्वास पेपराच्या मालकीचा नसतो.

"लोकांना सगळं कळतं, ते पेपर वाचून मत देत नाहीत." हे वाक्य मी राजकारणी, पत्रकार आणि शेतकरी या तिघांच्याही तोंडून ऐकलं आहे, आणि त्याच्या बाजूला १९७७ उभं आहे. आणीबाणीत एकोणीस महिने पेपरांच्या मानेवर सेन्सॉरचा हात होता, तरी मार्च १९७७ मध्ये खुद्द पंतप्रधान रायबरेलीत हरल्या. हे मोठं उदाहरण आहे, झटकून टाकण्यासारखं नाही. पण तेव्हा वाचकाला काय माहीत होतं? बातम्यांवर पहारा आहे हे देशभर माहीत होतं. २८ जून १९७५ ला 'इंडियन एक्स्प्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली, त्या कोऱ्या जागेनंच वाचकाला सावध केलं. लोक रात्री बीबीसी लावून बसत होते. पहारा दिसतो तेव्हा माणूस दुसरीकडून बातमी शोधतो. आजच्या विकलेल्या पानावर कोरी जागा नसते. ते भरलेलं असतं, रंगीत असतं, रोजच्या बातमीचा अंगरखा घालून येतं. लोकांना कळतं ते हेच, की पेपरात काहीही पैसे देऊन छापता येतं. त्यामुळे पुढे एखादा वार्ताहर जिवावर उदार होऊन रेतीच्या ट्रकांची बातमी लिहितो तेव्हाही पारावर विचारणा होते, "याले कोनं पैसे देले असतीन?" हे शहाणपण नाही. खऱ्याला आणि खोट्याला एकाच भावात तोलणं आहे हे, आणि त्याचा फायदा नेहमी रेतीवाल्याला होतो.

मोबाईल आला म्हणून हे संपलं, असंही कुणी म्हणू नये. आमच्या तालुक्यात आज पेपरांपेक्षा यूट्यूबचे पोर्टल जास्त आहेत. माईकवरचा लोगो बदलला, पॅकेजची पद्धत तीच.

राहिला कायदा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते, ती पेड न्यूज शोधते, आणि तसं ठरलं तर तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे. पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात पेड न्यूज हा स्वतंत्र गुन्हाच नाही. विधी आयोगानं २०१५ मध्ये आपल्या २५५ व्या अहवालात तो गुन्हा करा म्हणून सांगितलं, ते अहवालातच राहिलं. निवडणूक आयोगानं २०११ मध्ये उत्तर प्रदेशच्या आमदार उमलेश यादव यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, तेव्हा आशा वाटली होती. चव्हाणांविरुद्धची आयोगाची नोटीस सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली. मध्य प्रदेशचे नरोत्तम मिश्रा यांच्या २००८ च्या निवडणुकीबद्दल आयोगाचा निर्णय आला २०१७ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी न्यायालयानं तोही रद्द केला. व्यवहार रोखीत होतो, पावती कुणी फाडत नाही, मग सिद्ध काय करणार? आणि पेपराचं काय होतं? प्रकरण प्रेस कौन्सिलकडे जातं, कौन्सिल ताकीद देऊ शकते, निषेध करू शकते, त्यापलीकडे तिच्या हातात काही नाही. याच कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये पेड न्यूजवर नावानिशी ७१ पानांचा अहवाल तयार केला, तर कौन्सिलनं तो पूर्ण प्रसिद्ध करायचं टाळलं. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला, तेव्हा तो लोकांसमोर आला.

म्हणून मी फार मोठं काही मागत नाही. निवडणुकीच्या महिन्यात जो बातमी लिहील त्यानं जाहिरात गोळा करू नये, एवढी शिस्त पेपरांनी स्वतःला लावावी. त्या महिन्यापुरतं वार्ताहराला मानधन द्यावं, विकलेल्या एका पानाच्या पैशात ते निघतं. सगळ्या उमेदवारांना तेच पाच प्रश्न विचारावेत आणि ज्यानं उत्तर दिलं नाही त्याच्या नावापुढची जागा कोरी छापावी. अग्रलेखात पेपरानं खुशाल सांगावं की आमच्या मते अमक्याला मत द्या. मी तो अग्रलेख आवडीनं वाचीन.

आणि एक गोष्ट जी कायद्यात आधीपासून आहे, ती पेपराच्या विकलेल्या पानालाही लावावी. २०१९ चं ते गुलाबी पत्रक मी अजून ठेवलंय. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. नाही छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या बाईंनी तो नियम पाळला होता. फेरफाराची मागणी, खाली निशाणी, त्याखाली प्रेसचं नाव आणि गाव, प्रकाशक म्हणून त्यांचं स्वतःचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका. शेवटी 'प्रती १,०००'. त्याच आठवड्यात आमच्या पेपरात आलेलं एका मोठ्या उमेदवाराचं पूर्ण पान मी त्या पत्रकाला लावून ठेवलंय. 'विकासाचा झंझावात' असा मथळा आहे, सात रंगीत फोटो आहेत. ते कुणी लिहिलं, कुणी पैसे दिले, किती दिले, याची पानावर कुठेही एक ओळ नाही.